शशिकांतकाका दोन दिवस उपाशी का राहिले

नेपरव्हिल, इलिनॉय
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

ती. शैलजाआत्या,

साष्टांग नमस्कार. (पत्रातूनच घालते, कारण आमच्या हॉलमध्ये सध्या साष्टांग घालायला जागा नाही. आमचा सोफा शनिवारी स्टेजवर गेला होता. तो परत आलाय, पण खोलीच्या मधोमध आडवा पडलाय आणि आम्ही सगळे त्याला वळसा घालून किचनमध्ये जातो.) तुझी पाठ आता कशी आहे? ऑफिसात खुर्चीखाली ठेवायला ते पाय ठेवायचं स्टूल मिळालं का? तिकडे अॅरिझोनात, चँडलरला, अजून लोक स्विमिंग करत असतील. इथे बाबांनी बर्फाचं फावडं गॅरेजच्या दाराशी आणून ठेवलंय, म्हणजे हिवाळा ऑफिशियली सुरू. ओजसदादाचा फोन आला तर माझा नमस्कार नको सांगूस, तो हसतो. ‘हाय’ सांग.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. तर आमच्याकडे फोन आला की आई स्पीकर लावते, बाबा टीव्ही म्यूट करतात, आमचा धाकटा निमिष जवळ येऊन उभा राहतो, आणि मला जे काय बोलायचं असतं त्यातलं ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बरी आहे’ एवढंच बाहेर पडतं. कागदावर मात्र मला थांबता येत नाही. ऑगस्टमध्ये तू फोनवर विचारलंस ना, कादंबरी, येतेस का इकडे राहायला, ओजसची खोली रिकामीच आहे, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जीईडीचा वर्ग आहे, पंधरा-वीसच जण असतात, बारावी झाल्यासारखंच होतं, तेव्हासुद्धा स्पीकरच चालू होता. मी ‘नको’ म्हणाले. तू ‘बरं, तुझी इच्छा’ म्हणालीस. आईनं कुकर लावला. तर तो विषय संपलेला आहे आणि त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. हे पत्र फक्त शोबद्दल आहे.

पण शोबद्दल सांगायचं तर आधी शाळेबद्दल सांगावं लागेल, कारण आईनं तुला सांगितलेल्या गोष्टीत माझी तब्येत बिघडली होती. ती काही बिघडली नव्हती. आमच्या स्पीचच्या क्लासमध्ये प्रत्येकानं पाच मिनिटं उभं राहून काहीतरी कसं करायचं ते शिकवायचं होतं. एका मुलानं सायकलचं पंक्चर काढलं. मी ‘पोहे कसे करायचे’ घेतलं होतं. सहा कार्डं लिहिली होती. शाळेच्या मोठ्या ऑडिटोरियमच्या स्टेजवर उभी राहिले, ‘हॅलो’ म्हणाले आणि नंतरची साडेचार मिनिटं समोरच्या घड्याळाकडे बघत होते. पोहे भिजलेसुद्धा नाहीत. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं गं, पण ती मुलं इतकी चांगली की त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. फेब्रुवारीत सतरा पूर्ण झाली आणि शाळा सोडायचा फॉर्म मागितला. तिथल्या कौन्सेलरबाईंनी फार प्रेमानं विचारलं, आर यू शुअर? मी मान हलवली. त्यांनी पेन दिलं. बाबांनी सही करताना विचारलं, नक्की ना गं? मी परत मान हलवली. झालं. (गुरुदत्तकाका म्हणतात, नाव कादंबरी आणि प्रस्तावनेतच पुस्तक मिटलं. ते जोक म्हणून म्हणतात, आणि प्रत्येक वेळी नवा सुचल्यासारखा म्हणतात.)

तेव्हापासून मी घरी. घरी असलेल्या माणसाला दोनच कामं असतात, टीव्ही आणि महाराष्ट्र मंडळ. टीव्हीवर शनिवारी इंग्लंडच्या जुन्या कॉमेडी सिरियल लागतात, आणि अमेरिकेचे टॉक शो दुपारी रिपीट होतात, त्यामुळे घराबाहेर पाऊल न टाकता मी दोन देशांच्या कल्चरची एक्स्पर्ट झाले. आणि मंडळाचं म्हणशील तर पोस्टर करणं, इमेल पाठवणं, समोशांचे नंबर मोजणं हे सगळं ‘कादंबरी घरीच असते ना’ या एका वाक्यावर माझ्याकडे येतं. गुरुदत्तकाका मंडळाचे प्रेसिडेंट. मूळचे सांगलीचे, इथे एकतीस वर्षं, हाडांचे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत आणि हाडं सोडून सगळ्या गोष्टी जुळवतात. गेल्या वर्षी दिवाळीला त्यांनी नाटक बसवलं होतं. ते तीन तास वीस मिनिटं चाललं आणि तिसऱ्या अंकात स्टेजवर बारा आणि समोर नऊ माणसं होती. म्हणून या वर्षी नाटक कॅन्सल केलं आणि कॉमेडी टॉक शो ठरवला. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हींची तुलना, नाव ‘सॉरी विरुद्ध ऑसम’. अमेरिकेच्या बाजूनं स्वतः गुरुदत्तकाका, आणि ब्रिटनच्या बाजूनं त्यांचे शाळेतले मित्र शशिकांतकाका, जे सव्वीस वर्षं लेस्टरला राहतात. म्हणजे सांगलीत एका बाकावर बसणारी दोन माणसं, एक लिफ्ट म्हणणार आणि एक एलिव्हेटर, आणि त्यावरून भांडणार. स्क्रिप्ट कोण लिहिणार? कादंबरी घरीच असते ना.

आत्या, मी खरंच मन लावून लिहिलं. इंग्लंडच्या बेसिनला दोन वेगळे नळ असतात, एकातून उकळतं आणि एकातून गोठलेलं, आणि कोमट हवं असेल तर हात जोरात इकडून तिकडे हलवायचा, त्यावर दीड पान. अमेरिकेत दुकानातली बाई ‘हाऊ आर यू’ विचारते आणि उत्तर द्यायला लागलो की आपल्या मागच्या माणसाला विचारते, त्यावर एक पान. इंग्रजाचा पाय मोडला तर तो म्हणतो ‘थोडी गैरसोय झाली’, आणि अमेरिकन माणसाला दुकानासमोर पार्किंग मिळालं तरी ‘अमेझिंग’, त्यावर दोन पानं. आणि रेफरन्ससाठी एक वेगळा कागद केला, ‘ब्रिटिश लोक : बेसिक माहिती’, बारा मुद्दे, आणि गुरुदत्तकाकांना पाठ करायला सोपा जावा म्हणून आमच्या फ्रिजला पिझ्झाच्या मॅग्नेटखाली लावला, कारण तालमी आमच्याकडे व्हायच्या. चौथा मुद्दा असा होता : ब्रिटिश माणूस ‘नको’ म्हणाला की नको. परत विचारू नये. परत विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. (हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. अजून तिथे आहे. मी बघितलं.)

मग असं झालं की गुरुदत्तकाकांच्या बेसमेंटचं काम निघालं, गेस्टरूममध्ये टाइल्सची खोकी आली, आणि शशिकांतकाकांचा मुक्काम आमच्याकडे ठरला. आईनं तो कागद माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतला. तुझी वहिनी कशी वाढते तुला माहीत आहे. नागपूरला तिच्या हातचं जेवून उठलेल्या माणसाला भिंत धरून हात धुवायला जावं लागायचं. त्याच आईनं आठवडाभर प्रॅक्टिस केली, निमिषवर. दुधी भोपळा वाढू का रे? ‘नो थँक्स.’ ‘बरं.’ निमिष म्हणाला, ‘मॉम, आय लव्ह दीज पीपल.’

काका गुरुवारी संध्याकाळी ओहेअर एअरपोर्टला उतरले. ठेंगणे, गोल, गोरे, टाय लावलेले, बोलायला फार गोड. ज्यांनी आयुष्यात एकही जेवण चुकवलं नसेल असं पोट. आम्हाला बिस्किटांचा केवढा मोठा पत्र्याचा डबा आणला होता. आईनं आपल्या पद्धतीनं ‘कशाला एवढं’ म्हणून तो न उघडता फ्रिजवर ठेवला. मग टेबलावर भरली वांगी, पाटवडीचा रस्सा, मसालेभात, श्रीखंड. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, पण मंडळाला हॉल आत्ता मिळाला, म्हणून आमच्याकडे फराळसुद्धा ताजा होता. (इथे लक्ष्मी हॉलच्या बुकिंगप्रमाणे येते.) आई म्हणाली, ‘भाऊजी, पान घेऊ ना?’ काका हात जोडून म्हणाले, ‘नको नको वहिनी, विमानात झालंय.’ आणि आई म्हणाली, ‘बरं.’

आत्या, असं ‘बरं’ मी कधी ऐकलं नव्हतं. आईनं पटापट झाकणं लावली. वांगी फ्रिजमध्ये, रस्सा फ्रिजमध्ये, श्रीखंड फ्रिजमध्ये. काका हाताची घडी घालून बघत होते, म्हणजे गाडी सुटताना फलाटावरचा माणूस बघतो ना, तसं. शेवटी आई प्रेमानं म्हणाली, ‘काही लागलं तर हेल्प युवरसेल्फ हं भाऊजी, संकोच करू नका, फ्रिज तुमचाच आहे.’ आणि त्यांच्या वयाचा सांगलीचा माणूस दुसऱ्याच्या घरचा फ्रिज उघडेल? मरेल पण उघडणार नाही.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी पाणी प्यायला खाली आले तर काका किचनमध्ये उभे. (त्यांचे साडेअकरा वाजले होते.) फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्याकडे बघत होते, स्वतःच आणलेल्या. मला बघून दचकले आणि म्हणाले, ‘बाळ, तुमचा फ्रिज केवढा मोठा आहे नाही?’ मी म्हणाले, ‘हो.’ ‘आत काय काय मावत असेल?’ आता मला वाटलं माहिती विचारतायत. कुणी माहिती विचारली तर मला बोलता येतं. मी सगळं सांगितलं. वरच्या खणात भरली वांगी आणि रस्सा, मधे श्रीखंडाचं पातेलं, खाली पुरणपोळ्यांचा डबा, दारात लिंबाचं लोणचं. काका डोळे मिटून ऐकत होते, कीर्तन ऐकावं तसे. संपल्यावर म्हणाले, ‘वा.’ आता पुढे काय बोलायचं ते मला कळेना, म्हणून मी ‘हेल्प युवरसेल्फ’ म्हणाले आणि पळाले.

सकाळी आईनं विचारलं, पोहे? नको वहिनी, उगाच कशाला त्रास. बरं. उपमा? छे छे. बरं. चहा तेवढा झाला, कारण चहाला ते ‘चालेल’ म्हणाले. दुपारी गुरुदत्तकाका त्यांना तालमीला घेऊन गेले, वाटेत ड्राइव्ह-थ्रूला थांबले, विचारलं, ‘शश्या, घेणार काही?’ शशिकांतकाका म्हणाले, ‘नको रे गुऱ्या.’ गुरुदत्तकाका ‘ओके’ म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसून स्वतः अख्खा व्हेजी बर्गर खाल्ला, वर फ्राइज. एकतीस वर्षांत माणूस इतका अमेरिकन होतो गं. इकडे आई फोनवर रेखाकाकूंना, म्हणजे गुरुदत्तकाकांच्या बायकोला, सांगत होती, ‘काय कंट्रोल आहे हो त्यांचा! नुसत्या चहावर राहतात. आपले हे बघा, रात्री पोळ्या मोजता येत नाहीत.’

खरं काय ते मला शुक्रवारी संध्याकाळी कळलं, निमिषमुळे. तो वर येऊन तक्रार करायला लागला की काकांनी त्याची माशाच्या आकाराची सगळी बिस्किटं संपवली. मी म्हटलं, कशी? तर म्हणाला, ‘आय आस्क्ड हिम, वाँट सम? ही सेड नो. आय आस्क्ड अगेन, नो. देन आय आस्क्ड अगेन अँड ही टुक द होल बॉक्स.’ (आधी विचारलं म्हणे, हे शाकाहारी मासे आहेत ना?) निमिष सगळं तीनदा विचारतो, त्याला तीच सवय आहे, त्यावरून रोज ओरडा खातो. आणि त्या घरात काकांशी सांगलीच्या पद्धतीनं वागलेला तोच एकटा होता. मी पायरीवरच बसले. मी स्क्रिप्टमध्ये त्यांना इंग्रज करून टाकलं होतं. पहिलं नको हे नको नसतंच ना आपल्याकडे. ते नुसतं दार वाजवणं असतं.

तू म्हणशील, मग आईला सांगायचं ना. मी गेले होते किचनमध्ये. आई दोनशे वीस माणसांच्या मसालेभाताची भांडी काढत होती आणि मंडळाच्या तीन बायका तिथे उभ्या होत्या. माझ्या तोंडून ‘आई’ एवढं आलं. एक काकू म्हणाल्या, ‘काय गं, शाळेत परत जायचं मनात आहे की नाही?’ मी ‘नाही’ म्हणाले आणि बाहेर आले. जाताना पेन्सिलनं चौथ्या मुद्द्यावर काट मारली. आईनं नंतर ती बघितली आणि म्हणाली, ‘पाठ झाला वाटतं हा.’

शनिवारी शो. हॉल कुठला माहितेय? माझ्या शाळेचं ऑडिटोरियम. तेच. तेच स्टेज, तेच घड्याळ. बाबांनी आणि शेजारच्या सिद्धेशदादानं आमचा सोफा त्याच्या व्हॅनमधून नेला, कारण टॉक शोला सोफा लागतो. माझं काम प्रॉम्प्टिंग. पण विंगेतून सोफा लांब पडत होता आणि दोन्ही काकांना कमी ऐकू येतं, म्हणून ठरलं की मी स्क्रिप्ट आणि टॉर्च घेऊन सोफ्याच्या मागे आडवं पडायचं. आत्या, जगात मला कुठली जागा आवडली असेल तर ती. दोनशे वीस माणसांसमोर स्टेजवर, आणि कुणाला दिसत नाही. आईनं मला डबासुद्धा दिला होता, दोन पुरणपोळ्या, तूप लावून.

चारचा शो पावणेसहाला सुरू झाला. (आधी दीपप्रज्वलन, लायटरची शोधाशोध, प्रायोजकांचा सत्कार, ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार.) तोवर काकांच्या पोटाला दोन दिवस झाले होते. त्यांच्या टायला माइक लावलेला. पहिल्याच वाक्याला, ‘गुड इव्हिनिंग’ म्हणायच्या आधी, अख्ख्या ऑडिटोरियमला ते पोट ऐकू आलं. लांब, खोल, शेवटी वर जाणारं. लोक हसले, त्यांना वाटलं साउंड इफेक्ट. नळांचा जोक छान गेला. पार्किंगचा त्याहून छान. मग प्लेट्सचा आला. टेबलावर दोन प्लेट होत्या. ब्रिटिश प्लेटमध्ये काकडीचं एकच त्रिकोणी सँडविच, आणि अमेरिकन प्लेट म्हणून रेखाकाकूंची टर्की पक्षी ठेवायची भलीमोठी थाळी, त्यावर एकावर एक आठ वडापाव, आत काडी खुपसून उभे केलेले. काकांनी सँडविच उचलून ‘आमच्याकडे याला लंच म्हणतात’ असं म्हणून खाली ठेवायचं होतं. त्यांनी उचललं, म्हणाले, आणि ते खाली आलंच नाही. मी मागून पुढचं वाक्य सांगते, ते चावतायत. परत सांगते, तर हात अमेरिकेच्या प्लेटकडे. लोक टाळ्या वाजवतायत. पहिला वडापाव उभ्यानं गेला, दुसरा बसून.

गुरुदत्तकाकांना ते बघवलं नाही, कारण पुढचे चार जोक त्या थाळीवर होते. त्यांनी स्क्रिप्ट सोडलं. म्हणाले, ‘बघा मंडळी, हा इंग्रज! दोन दिवस वहिनींच्या घरी याच्या पोटात अन्नाचा कण नाही, लोकांच्यात आला की सुटला!’

शशिकांतकाका थांबले. हातात अर्धा वडा. ‘गुऱ्या,’ म्हणाले, ‘मला विचारलं कुणी?’

‘विचारलं की! मी स्वतः विचारलं, ड्राइव्ह-थ्रूला!’

‘एकदा! एकदा विचारलंस! सव्वीस वर्षं मी त्या देशात सॉरी म्हणतोय, रांगेत उभा राहतोय, पावसात चालतोय, पण भडव्या, मी सांगलीचाच आहे ना? पहिलं नको कधीपासून नको झालं रे?’

आणि तिसऱ्या रांगेतून आईचा आवाज आला. आई उभी राहिली होती, पैठणी, नथ सगळं. ‘अहो पण भाऊजी, तुम्हीच नको म्हणालात! आणि परत विचारलेलं तुम्हाला चालत नाही असं लिस्टमध्ये आहे!’

‘कसली लिस्ट?’

‘फ्रिजवरची! कादंबरीनं लिहिलेली!’

आत्या, मी सोफ्यामागे होते. तशीच पडून राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. गुरुदत्तकाकांनी काहीतरी जोक मारला असता, पडदा पडला असता, आणि आई आयुष्यभर म्हणत राहिली असती की पोरीनं पाहुण्याला उपाशी ठेवलं. पण सोफ्याच्या खालून मला काकांचे बूट दिसत होते. ते वळले होते, आतल्या बाजूला, लहान मुलाचे वळतात तसे. चिडलेल्या माणसाचे पाय असे नसतात गं. त्यांना लाज वाटत होती, भूक लागली म्हणून. ती लाज मला चांगली ओळखता येते.

मी उठले. सोफ्यामागून एकदम माणूस निघाल्यावर पुढच्या रांगेतली एक आजी ‘अगंबाई’ म्हणाली. समोर तेच घड्याळ. सहा चाळीस. हातात टॉर्च होती, ती चालूच राहिली. मी डबा उघडला आणि काकांच्या समोर धरला.

‘काका, पोळी?’

काका म्हणाले, ‘नको बाळ. तुझी आहे ती.’

माझा आवाज तिथे संपला होता. नेहमी तिथेच संपतो. घड्याळाचा काटा सरकलेला मला दिसला. मग मी परत म्हणाले, ‘घ्या ना, काका.’

‘अगं नको, तुला काय राहील?’

‘घ्या ना,’ मी म्हणाले, आणि आता थांबताच येईना. ‘आईनं केली आहे, पुरण तिनं स्वतः वाटलंय, वेलदोडा आहे, जायफळ आहे, तूप घरी कढवलंय. लिस्ट मी लिहिली होती, ती चुकली. तुम्ही घेतली नाहीत तर मी इथेच उभी राहीन आणि मला इथे उभं राहायला अजिबात आवडत नाही.’

काकांनी पोळी घेतली. दोन्ही हातांनी. आणि पहिला घास तोंडात गेला तेव्हा टायच्या माइकमधून ‘हं’ असा जो आवाज आला, तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग टाळ्या. आत्या, टाळ्यांचे दोन प्रकार असतात, मला दोन्ही माहीत आहेत आता. दोन्ही याच स्टेजवरचे.

पुढचा शो झालाच नाही. मध्यंतर जाहीर करायच्या आधीच बायका डबे घेऊन स्टेजवर चढल्या. मंडळातल्या प्रत्येक घरानं काकांना आग्रह केला, इथे आल्यापासून साठवून ठेवलेला सगळा. ‘एक चकली आमच्याकडची,’ ‘अनारसा नाही म्हणायचं नाही,’ ‘तिचा घेतलात, माझा नको?’ काका बिचारे खरंच नको म्हणत होते शेवटी, पण आता कोण ऐकतंय? गुरुदत्तकाका कोपऱ्यात बसून स्वतः उरलेला वडापाव खात होते. त्यांना सगळे विचारत होते, काय स्क्रिप्ट होतं हो, तो सोफ्यामागून येण्याचा ट्विस्ट कुणाला सुचला? ते म्हणाले, ‘टीमवर्क.’ पुढच्या वर्षी हाच शो डब्लिन, ओहायोच्या मंडळानं मागवलाय, त्याच भांडणासकट.

रविवारी काका दिवसभर ताकभातावर होते. काल ओहेअरला सोडायला मीही गेले. बाबा गाडी पार्क करत होते, मी आणि काका बॅगा घेऊन उभे होतो. काका एकदम म्हणाले, ‘बाळ, शिकायचंय का गं तुला पुढे?’ मी म्हणाले, ‘नको.’ काकांनी परत विचारलं, ‘शिकायचंय का?’ मी बुटाकडे बघून म्हणाले, ‘नको काका.’ ते तिसऱ्यांदा तोंड उघडणार तेवढ्यात बाबा धावत आले की रांग फार मोठी आहे, चला चला, आणि त्यांना आत ढकललं. बाबा कधी वेळेवर येत नाहीत. कालच आले.

बाकी इकडे सर्व ठीक. आईनं फ्रिजवरचा कागद काढलाय आणि निमिषला दुधी भोपळा परत सुरू झालाय. तो म्हणतो, द ब्रिटिश वेअर बेटर. तुझ्या पाठीला शेक घेत जा, आणि वजन उचलू नकोस.

तुझी,
कादंबरी

ता. क. निमिषनं लिहायला सांगितलंय की अॅरिझोनात विंचू मिळतो तर एक पाठव. मेलेला चालेल. हे त्यानं मला तीनदा सांगितलं.

ता. क. २. बाबा मागून जाताना म्हणाले, आत्याला लिही की कादंबरीचं छान चाललंय. तर लिहिलं.

ता. क. ३. वर मी लिहिलंय की ऑगस्टमधला विषय संपला. ते पान फाडणार होते, पण अक्षर बरं आलंय म्हणून राहू दिलं. आत्या, तूही नागपूरचीच आहेस ना? मग एकदाच का विचारलंस? रविवारी सकाळी दहा ते अकरा आई-बाबा निमिषला मराठी शाळेत घेऊन जातात. तुझ्याकडे तेव्हा नऊ वाजलेले असतात. घरी कुणी नसतं, स्पीकर बंद असतो आणि फोन मीच उचलते. पहिल्यांदा मी नकोच म्हणेन, ते तोंडातून आपोआप येतं. दुसऱ्यांदाही कदाचित येईल. तू फोन ठेवू नकोस.